एक बातमी, अनेक घरं: खान्देशातल्या प्रेक्षकांसाठी बुलेटिन कसं बांधावं

पावसाळ्यात संध्याकाळच्या सुमाराला व्हॉट्सॲप ग्रुपवर पाटबंधारे खात्याचा मेसेज येतो. समजा तो असा आहे: हतनूर धरणाचे २० दरवाजे एक मीटरने उघडले, तापी नदीत १२०० क्युमेक्स विसर्ग सुरू. जळगावात आम्ही केबलचं बुलेटिन काढतो. तिथे नवीन आलेली मुलं हे वाचून लगेच लाल पट्टीवर ‘ब्रेकिंग’ टाईप करायला बसतात. मी त्यांना थांबवते आणि विचारते, ही बातमी ऐकून कोण उठणार आहे, आणि उठून काय करणार आहे? यावलकडचा शेतकरी नदीवरची मोटार वर काढायला जाईल. चोपड्याकडची एखादी मावशी बकऱ्या काठावरून हलवील. सुरतेत कामाला असलेला अमळनेरचा मुलगा घरी फोन लावील. मुंबईतला प्रेक्षक ऐकून घेईल आणि पुढच्या बातमीकडे वळेल. अँकरचा आवाज, पट्टीचा रंग, मागचं संगीत, बाईट (कॅमेऱ्यापुढचं छोटं बोलणं) कोणाचा, आकडा कसा बोलायचा, हे सगळं या उत्तरांवरून ठरवायचं.

जिल्ह्यातल्या केबलवर, स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर किंवा मोठ्या वाहिनीसाठी स्ट्रिंगर, म्हणजे बातमीगणिक पैसे घेणारा वार्ताहर, म्हणून काम करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. उदाहरण शक्यतो हतनूरचंच ठेवते. एकच बातमी वेगवेगळ्या हातांनी उचलून पाहिली की फरक चटकन कळतो.

आधी गाभा पक्का करा

शैलीचा विचार करण्याआधी एका कागदावर बातमीचा गाभा लिहून काढा: काय झालं, कुठे, किती वाजता, किती, आणि हे कोणी सांगितलं. हा कागद सगळ्या बुलेटिनांसाठी एकच. पुढे कोणी बोलीत लिहो, कोणी मोबाईलसाठी उभा व्हिडिओ करो, या कागदातलं अक्षर बदलायचं नाही.

धरणाच्या बातमीत सर्वात जास्त घोळ एककाचा होतो. खात्याच्या मेसेजमध्ये कधी क्युमेक्स असतं, कधी क्युसेक. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक क्युमेक म्हणजे साधारण ३५ क्युसेक. म्हणजे आपल्या मेसेजमधले १२०० क्युमेक्स हे सुमारे ४२ हजार क्युसेक झाले. कोणी घाईत ‘१२०० क्युसेक’ असं लिहिलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की नदीत फार काही नाही, आणि तो काठावरच थांबेल. एका शब्दाने माणसाचा जीव धोक्यात येतो. डेस्कवरच्या भिंतीवर हा हिशोब मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवा.

दुसरा घोळ दरवाज्यांचा. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. ‘४१ दरवाजे उघडले’ हे वाक्य ऐकायला भयंकर वाटतं, पण ते अर्ध्या मीटरने उघडलेत की पूर्ण, यावर सगळं अवलंबून असतं. दरवाज्यांची संख्या, किती उंचीने उघडले आणि विसर्ग, हे तिन्ही एकाच वाक्यात आले पाहिजेत. त्यातला घाबरवणारा तुकडा तेवढा उचलून हेडलाईन केली, तर ती प्रेक्षकाची फसवणूक आहे. दोनचार वेळा असं झालं की खऱ्या पुराच्या रात्री तो तुमचं ऐकत नाही.

शेतकऱ्याचं बुलेटिन

शेतकऱ्याच्या घरात टीव्ही कधी लागतो हे आधी शोधा. पहाटे-सकाळी, वावरात जायच्या आधी, चहा पिताना. त्यातही शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीला वीज देणाऱ्या लाईनवर, मोटारीसाठीची थ्री फेज लाईट रात्रपाळीची असेल, तर तो माणूस रात्रभर पाण्यावर असतो आणि सकाळी झोपलेला असतो. आपल्या भागातलं लाईटचं वेळापत्रक न बघता शेतीच्या बातम्यांची वेळ ठरवू नका. दुपारी जेवायच्या वेळेला तेच बुलेटिन पुन्हा लावलं तर ते जास्त लोकांपर्यंत पोचतं.

या बुलेटिनमध्ये हतनूरची बातमी अशी बोलायची: “हतनूरमधून रात्री आठपासून पाणी वाढवलंय. नदीवर मोटार असेल तर आजच वर घ्या. आपल्याकडे पाऊस नसला तरी पाणी वाढणार आहे, कारण पाऊस वर, पूर्णेच्या आणि तापीच्या खोऱ्यात झालाय.” हे शेवटचं वाक्य अजिबात गाळू नका. हतनूरच्या वर, चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. पूर्णा विदर्भातून येते, तापी मध्य प्रदेशातून. खान्देशात लख्ख ऊन असताना तापी दुथडी भरते, आणि ऊन बघूनच माणूस गाफील राहतो.

अँकरने इथे घाई करायची नाही. वाक्य लहान, एका वाक्यात एकच आकडा, आणि महत्त्वाचा आकडा दोनदा. कोट-ब्लेझर नको, साधा सुती शर्ट किंवा कुर्ता पुरे. पण ‘गावाकडचं’ दिसावं म्हणून अँकरच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर उपरणं घालू नका. शेतकऱ्याला नाटक ओळखता येतं आणि त्याला ते लागतं.

बाजारभावात जागा सांगा. केळीचा भाव म्हटलं की रावेरचा माणूस बऱ्हाणपूरचा आकडाही विचारतो, कारण त्याचा व्यवहार त्या आकड्याकडे बघून होतो. भाव क्विंटलचा आहे हे पट्टीवर लिहा, आणि तो कमाल, किमान की सरासरी हेही लिहा. नुसता कमाल भाव दाखवला की शेतकरी व्यापाऱ्याशी भांडायला उभा राहतो आणि तोंडघशी पडतो. उन्हाळ्यात तापमानाची बातमीसुद्धा केळीवाल्यासाठी निराळी असते. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती नोंदलेल्या तापमानावरून आणि ते सलग किती दिवस राहिलं यावरून. म्हणून ‘पारा चढला, जीव कासावीस’ या मथळ्याचा त्याला काही उपयोग नाही. कोणत्या महसूल मंडळात किती तापमान नोंदलं गेलं, हे त्याला हवं असतं.

संध्याकाळचं, घरातल्या सगळ्यांचं

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे अनेक वर्षं मराठी प्रेक्षकाला संध्याकाळी एकच बुलेटिन होतं. धुळ्यातल्या वकिलाला, मुंबईच्या गिरणी कामगाराला आणि कोकणातल्या शिक्षकाला तोच आवाज, तीच गती. स्मिता पाटील त्याच केंद्रावर बातम्या वाचत. त्यांचं घराणं आपल्या शिरपूरचं, हे इथे आजही लोक अभिमानाने सांगतात. त्या काळच्या वाचनातला संथपणा आणि स्वच्छ उच्चार मला आजही संध्याकाळच्या बुलेटिनसाठी योग्य वाटतो. २००७ पासून मराठीत चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या आणि गती, संगीत, पट्ट्या सगळं वाढलं. २०१५ पासून बार्क या संस्थेची टीव्ही-प्रेक्षकांची मोजणी, म्हणजे रेटिंग, आली. दर आठवड्याला आकडा येतो, आणि त्या आकड्याकडे बघून मोठ्या वाहिन्या आपला सूर ठरवतात. पण टीव्ही किती बघितला गेला एवढंच रेटिंग सांगतं. ऐकणाऱ्याला बातमी समजली का, हे त्यात कळत नाही. ते तुम्हालाच शोधावं लागतं.

संध्याकाळी आजी-आजोबा, शाळेतली मुलं, स्वयंपाकघरातून अर्धं लक्ष देणारी सून, सगळे एका खोलीत असतात. आजोबांना ‘पावणेदोन लाख’ लगेच कळतं. इंग्रजी शाळेतला नातू ‘एकोणसत्तर’ ऐकून अडखळतो. उपाय सोपा आहे: बोला आजोबांसाठी, आणि त्याच क्षणी स्क्रीनवर आकडा लिहा नातवासाठी. स्वयंपाकघरात असलेली बाई स्क्रीन बघत नाही, ती ऐकते. म्हणून ‘हे दृश्य पाहा’ असं म्हणून गप्प बसू नका. दृश्यात काय आहे ते सांगा: “चांगदेवच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या आहेत.”

लग्नसराईत सोन्याचा भाव हा जळगावच्या संध्याकाळच्या बुलेटिनचा हक्काचा भाग असतो. तो तोळ्याचा सांगा आणि जीएसटी धरून आहे की सोडून हे सांगा. तीन टक्के जीएसटीचा फरक दागिने करणाऱ्या घराला चांगलाच जाणवतो.

बोली

अहिराणी बुलेटिन करायचं ठरवलं, तर आधी ते कोणासाठी हे बघा. अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, धुळे, शिंदखेडा, साक्री या पट्ट्यात अहिराणी घरात बोलली जाते. रावेर, यावल, भुसावळकडे लेवा बोली आहे, आणि तिथल्या माणसाला अहिराणी बुलेटिन आपलं वाटत नाही. भुसावळच्या रेल्वे वस्तीत तर हिंदी बुलेटिनच जास्त ऐकलं जातं. ‘खान्देश म्हणजे अहिराणी’ असं धरून चाललात, तर नेमका केळी पट्टा हातातून सुटतो.

अहिराणीत लिहिताना मराठी बुलेटिन समोर ठेवून शब्द बदलू नका. गाभ्याचा कागद घ्या, आणि ज्याच्या घरात ती बोली आहे त्याला तो तोंडी सांगायला लावा. मग लिहून घ्या. “रातले तापीनं पानी वाढी, ढोरं काठवर बांधू नका.” एवढं वाक्य पुरतं. ‘विसर्ग’, ‘सतर्कतेचा इशारा’, ‘नदीकाठच्या गावांनी दक्षता घ्यावी’ यांतलं काहीच लागत नाही.

आणि एक गोष्ट मी फार आग्रहाने सांगते. अहिराणी ऑनलाईन दिसते ती बहुतेक विनोदी व्हिडिओंत आणि नाचाच्या गाण्यांत. त्यामुळे अहिराणी बातम्या वाचणाऱ्यावरही नकळत हसवण्याचं दडपण येतं. तसं करू नका. पुराची, मृत्यूची, कर्जाची बातमी अहिराणीत तितक्याच गांभीर्याने वाचता येते, आणि ती तशी वाचली गेली की ऐकणाऱ्याला आपल्या भाषेचा मान राखल्यासारखं वाटतं. माझ्यासाठी या सगळ्या कामात याहून मोलाचं दुसरं काही नाही.

सातपुडा

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, धडगाव इथल्या बातम्या टीव्हीवर येतात तेव्हा बहुतेक वेळा त्या तिथल्या लोकांबद्दल असतात, तिथल्या लोकांसाठी नसतात. मागे ढोल वाजतो, ड्रोनमधून डोंगर दिसतात, निवेदक ‘दुर्गम’ हा शब्द उच्चारतो. पावरी किंवा भिली बोलणारी बाई हे बघत असेल तर तिला यातून काय मिळालं? होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारांची बातमी घ्या. राज्यभरच्या प्रेक्षकासाठी रंग, वाद्यं, काठीची राजवाडी होळी, हे ठीक आहे. तिथल्या प्रेक्षकासाठी कोणत्या गावचा बाजार कोणत्या दिवशी आहे, एसटी जादा सोडणार का, घाटात रस्त्याचं काम सुरू आहे का, हे आधी आलं पाहिजे.

आदिवासी बाई कॅमेऱ्यापुढे तिच्या भाषेत बोलली, तर तिच्या आवाजावर लगेच मराठी आवाज चढवू नका. निदान एक-दोन वाक्यं तिचा आवाज मोकळा ऐकू द्या आणि खाली मराठी ओळ लिहा. तिच्या शेजाऱ्यांना ती ऐकू आली पाहिजे.

आवाज बंद असलेला टीव्ही

बसस्टँडजवळचं हॉटेल, सलून, दवाखान्याची वेटिंग रूम: टीव्ही सुरू आणि आवाज बंद. हा मोठा प्रेक्षक आहे आणि त्याच्यासाठी फक्त पट्टी बोलते. त्यामुळे पट्टीवरचं वाक्य एकटं उभं राहिलं पाहिजे. ‘हतनूरमुळे हाहाकार?’ या पट्टीने काही कळत नाही. ‘हतनूरचे २० दरवाजे १ मीटर उघडले, तापीकाठी जाऊ नका’ याने कळतं. प्रश्नचिन्ह लावलेली पट्टी मी आमच्याकडे चालू देत नाही.

देवनागरीला उंची लागते. इंग्रजी वाहिनीचा ग्राफिक साचा उचलून त्यात मराठी भरलं की वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. पट्टी थोडी जाड ठेवा, अक्षर ठळक ठेवा, शब्द कमी करा. लाल रंग खऱ्या तातडीसाठी राखून ठेवा. रोजचं बुलेटिन निळ्या किंवा करड्या पट्टीवर चालवा, म्हणजे लाल दिसला की सलूनमधला माणूसही मान वर करील. हिरव्या क्रोमापुढे (नंतर चित्र भरायच्या हिरव्या पडद्यापुढे) हिरवी साडी नको, साडी पडद्यात विरघळते आणि तिच्या जागी नकाशा दिसायला लागतो. श्रावणात, कानबाईच्या सणाच्या दिवसांत हे हटकून आठवून द्यावं लागतं. बारीक चौकड्यांचा शर्टही कॅमेऱ्यात लुकलुकतो.

मुंबईचा डेस्क आणि सुरतचा मुलगा

राज्याच्या वाहिनीला बातमी पाठवताना आधी जागा समजावा: जळगाव जिल्हा, तापी नदी, भुसावळ तालुका. नकाशाचा एक फोटो सोबत द्या. वीस सेकंदांत बसेल एवढा मजकूर, एक स्वच्छ शॉट, आणि वेळ. गुडघाभर पाण्यात उभं राहून पीटूसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून निवेदन, करण्याची मागणी डेस्ककडून आली, तर स्पष्ट नाही म्हणा. ज्या पाण्यात जाऊ नका असं आपण लोकांना सांगतो, त्यात आपण उभे राहिलो तर तो सल्ला कोण मानेल?

सुरतेतला खान्देशी प्रेक्षक मोबाईलवर असतो. उधना, लिंबायतच्या गल्ल्यांत निम्मी ओळख जळगाव-धुळ्याची निघते. त्याच्यासाठी उभा व्हिडिओ, पहिल्या तीन सेकंदांत गावाचं नाव, आणि नदीचा पुढचा प्रवास: हतनूर, सारंगखेडा, प्रकाशा, मग गुजरातेत उकाई धरण, मग सुरत. त्याच्या आईवडिलांचं घर आणि त्याची स्वतःची खोली, दोन्ही एकाच नदीवर आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या पाण्याने सुरत बुडालं होतं, ते तिथल्या लोकांच्या अजून लक्षात आहे. म्हणून इथे आवाज चढवू नका. उकाईची पातळी सुरतच्या अधिकृत यंत्रणेकडून घ्या आणि तिचं नाव सांगा.

जिथे जवळचा प्रेक्षक जास्त जपायचा

मुंबईतल्या प्रेक्षकाला ‘अमुक गावातली नववीतली मुलगी’ यातून काहीच ओळख पटत नाही. गावातल्या प्रेक्षकाला लगेच पटते. बलात्कारपीडितेची किंवा पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि लहान गावात नाव न घेताही ओळख उघड होते. त्यामुळे स्थानिक बुलेटिनमध्ये गाव, शाळा, वडिलांचा धंदा, घराचा शॉट, यांतलं काहीही नको. तालुका पुरे.

शेतकरी आत्महत्येची बातमी आपल्याकडे दुर्दैवाने येतच राहते. पद्धत सांगू नका, जागा दाखवू नका, ‘कर्जाला कंटाळून’ असं एक कारण चिकटवून मोकळे होऊ नका, रडणाऱ्या बायकोपुढे माईक धरू नका. त्याच कर्जाचा कागद घरात ठेवून बसलेला दुसरा माणूस तेच बुलेटिन बघत असतो. टेलीमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर स्क्रीनवर पूर्ण बातमीभर ठेवा आणि अँकरने तो सावकाश वाचावा. संगीत पूर्ण बंद.

बुलेटिन गेल्यानंतर

प्रत्येक प्रकारच्या प्रेक्षकांतला एकजण ओळखीचा ठेवा आणि बुलेटिन झाल्यावर त्याला फोन करा. ‘कसं वाटलं’ असं विचारलं की तो छानच म्हणेल. त्याऐवजी विचारा, “आबा, पाणी किती वाजता वाढणार म्हटलं आम्ही?” उत्तर आलं नाही, तर वाक्य पुन्हा लिहा, आणि पुढच्या बुलेटिनला नवं वाक्य वाचा.

विसर्ग कमी झाला की तीही बातमी त्याच सगळ्या रूपांत गेली पाहिजे: मराठी, अहिराणी, उभा व्हिडिओ, पट्टी. एक रूप जुनं राहिलं की तेच पुढे फिरत राहतं. पुराच्या जुन्या क्लिप पुढच्या पावसाळ्यात पुन्हा व्हॉट्सॲपवर येतात आणि लोक काठावरची घरं सोडून पळतात, किंवा वैतागून खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतात. म्हणून धरणाच्या प्रत्येक बातमीवर तारीख आणि वेळ लिहा, वर्षासकट. ती कोपऱ्यात लिहू नका, कोपरा कापून क्लिप पुढे पाठवता येते. मुख्य पट्टीत, आकड्याच्या अगदी शेजारी लिहा, आणि अँकरच्या तोंडूनही तारीख म्हणवून घ्या.